आराधी गाण्यांवरचे कॉपीराइट क्लेम आणि कॅसेटच्या कव्हरवरचा एक शब्द

दरवर्षी घटस्थापना जवळ आली की आपल्याकडं ठरलेली ओरड सुरू होते, आमच्या आराधी मेळ्याच्या (देवीची गाणी म्हणणाऱ्या गटाच्या) व्हिडिओवर क्लेम आला, म्हणजे गाणं आपलं म्हणून दुसऱ्याच कुणी हक्क सांगितला, आवाज म्यूट झाला, पैसे तिसऱ्यालाच चाललेत. सगळे यूट्यूबला शिव्या घालतात. पण हे भांडण यूट्यूबच्या आधीचं आहे, त्याची कागदपत्रं (म्हणजे खरं तर नसलेली कागदपत्रं) कॅसेटच्या काळातली आहेत, म्हणून तिथून सुरुवात करतो.

त्याआधीचं फार सांगत नाही. गाणं मेळ्यात असायचं, एकानं म्हणायचं बाकीच्यांनी झेलायचं, नवं कडवं ज्याला सुचेल त्यानं घालायचं. परभणी केंद्रावरून लोकगीतं लागायची. गाण्याचा मालक कोण हा प्रश्न कुणाला पडला नव्हता, कारण त्यात पैसाच नव्हता.

ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि चित्र पालटलं. तुळजापूर, माहूर, अंबाजोगाई, जिथं जत्रा तिथं कुंकू-कवड्यांच्या दुकानाला लागून कॅसेटचं दुकान. मुंबई-पुण्याच्या आणि काही आपल्याच भागातल्या छोट्या कंपन्या गावोगावचे आराधी, गोंधळी, भीमगीतं म्हणणारी गायन पार्टी यांना बोलवायच्या, एक-दोन दिवसांत दोन्ही साइड भरायच्या, हातावर मानधन ठेवायच्या आणि विषय संपला. करार झालाच तर एका कागदावर सही नाहीतर अंगठा. गाणारालाही त्यात काही वावगं वाटायचं नाही, कॅसेटवर फोटो आला म्हणजे पुढच्या सीझनला चार कार्यक्रम जास्त मिळायचे, खरी कमाई तीच होती.

आता मुद्दा. या कॅसेटच्या कव्हरवर गीतकाराच्या जागी बहुतेक वेळा छापलेलं असायचं ‘पारंपरिक’. काही गाणी खरंच पारंपरिक होती, वाद नाही. पण त्यातली कितीतरी कडवी त्या बाईनं किंवा त्या बाबानं स्वतः जुळवलेली असायची, चाल अर्धी जुनी अर्धी नवी. ती सगळी या एका शब्दाखाली गेली. कंपनीला हे सोयीचं होतं, गीतकारच नाही तर त्याला द्यायचं काय? मला तरी हा नुसता आळस वाटत नाही, हिशेब वाटतो.

कायद्यात गाण्याचे तीन थर आहेत, शब्द वेगळे, चाल वेगळी आणि रेकॉर्डिंग वेगळं. शब्द-चाल पारंपरिक असेल तर ती कुणाचीच नाही, कुणीही म्हणावी. पण रेकॉर्डिंगवर ते काढणाऱ्याचा हक्क, तोही प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९८८ ला निघालेल्या कॅसेटमधला आवाज २०४८ संपेपर्यंत कंपनीचा. तेच गाणं तुम्ही स्वतःच्या गळ्यातून, स्वतःच्या संबळावर म्हटलं तर त्यावर कंपनीचा काडीचा हक्क नाही. हे एवढं कळलं तरी निम्मी भांडणं मिटतील.

२०१२ ला कॉपीराइट कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, त्यावर सिनेमावाल्यांच्या अंगानं भरपूर लिहून आलं, आपल्या अंगानं कुणी बघितलंच नाही. त्यात असं आहे की गाण्याचे हक्क लिहून दिले तरी ते लिहून देताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं त्याचे हक्क आपोआप जात नाहीत, करारात त्याचं नाव घेतलेलं पाहिजे. शिवाय गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही आणि गाणाऱ्यालाही व्यावसायिक वापरात रॉयल्टी आहे. वाचायला झकास. पण १९८८ ला कॅसेटसाठी केलेली सही २००८ ला भारतात आलेल्या यूट्यूबला चालते का? दुरुस्ती पुढच्या करारांना लागू की मागच्यांनाही, यावर वकिलांची दोन मतं आहेत आणि छोट्या माणसाच्या दृष्टीनं वाद लटकलेलाच आहे. त्यात आपली गोची अशी की हा वाटा मागायला आधी गीतकार म्हणून नाव पाहिजे, आणि नावाच्या जागी काय छापलंय ते वर सांगितलं. ज्यानं कडवं जुळवलं तो स्वतःच्याच कॅसेटच्या कव्हरवर हरला.

मधला मेमरी कार्डचा काळ गमतीचा होता. २००८-०९ नंतर चायना मोबाइल आले, भारनियमनात टीव्ही बंद पण मोबाइलचा स्पीकर चालू. मोबाइल शॉपीत दहा-वीस रुपयांत कार्ड भरून मिळायचं, देवीची गाणी, भीमगीतं, लावण्या सगळं एकाच फोल्डरमध्ये. कॅसेट कंपन्या यातच बसल्या, गाणाऱ्याला तेव्हाही काही मिळालं नाही पण नाव मात्र खेड्याखेड्यात पोचलं. फाइलला नाव म्हणून कायपण असायचं, त्यामुळं कुणी गायलंय हे आवाजावरूनच ओळखायचं.

२०१६ च्या सप्टेंबरात स्वस्त डेटा आला आणि बंद पडलेल्या कंपन्यांच्या जुन्या मास्टरला (मूळ रेकॉर्डिंगच्या टेपांना) एकदम भाव आला. कुणी त्या विकत घेतल्या, कुणी नुसत्या कॅसेटवरून कॉपी करून चढवल्या, आणि मोठ्या वितरकामार्फत त्या यूट्यूबच्या ओळख-यंत्रणेत (व्हिडिओतलं गाणं आपोआप ओळखून क्लेम लावणाऱ्या) टाकल्या. ही यंत्रणा नुसतं रेकॉर्डिंग नाही तर चालसुद्धा जुळवते. यूट्यूबचाच नियम आहे की जे फक्त तुमचं नाही ते त्यात टाकायचं नाही, पण टाकणारा टाकतो आणि तुळजापूरच्या पायरीवर बसून आज म्हटलेल्या गाण्यावर तिसऱ्याच कुणाचा क्लेम पडतो.

यात दुसरी एक गोष्ट झाली जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. भीमगीतात कवीचं नाव शेवटच्या कडव्यात गुंफलेलं असतं, अभंगात असतं तसंच. छापलेलं काही नसलं तरी गाणं कुणाचं हे गाण्यातच कळायचं. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉक बंद झालं, त्याच वर्षी रील्स आणि शॉर्ट्स आले, आणि गाणं तीस सेकंदांचं झालं. तीस सेकंदांत फक्त धृपद बसतं, शेवटचं कडवं कापलं जातं, कवी गेला. वरून डीजे मिक्समध्ये दर मिनिटाला डीजेवाल्याचं नाव ओरडून येतं. ज्यानं लिहिलं त्याचं नाव कापलं आणि ज्यानं नुसता ठोका वाढवला त्याचं नाव भीमजयंतीच्या मिरवणुकीत घुमतंय!

फायदा झालाच नाही असंही नाही. मेळ्यातल्या पोरांनी स्वतःचे चॅनल काढले, मधला कंपनीवाला गेला, मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा थेट खात्यात येतो. २०१८ पासून त्याला हजार सबस्क्रायबर आणि लोकांनी चार हजार तास बघितल्याची अट आहे, पण चांगल्या मेळ्याला एका नवरात्रात ती जड जाऊ नये.

क्लेम आला तर पाच दिवसांच्या आत डिस्प्यूट (म्हणजे क्लेमवर हरकत) टाकावा लागतो, मग पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला राहतात आणि निकाल ज्याच्या बाजूनं त्याला मिळतात. पाच दिवस उलटले तर डिस्प्यूट टाकल्या दिवसापासूनचेच राहतात. समोरच्याला उत्तराला ३० दिवस. नवरात्र नऊच दिवसांचं, त्यामुळं व्हिडिओ ब्लॉकच झाला असेल तर जिंकूनही सीझन हातचा जाऊ शकतो. सध्या काही मेळे नवीन कडवं केलं की वहीत तारीख टाकून लिहितात आणि डिस्क्रिप्शनमध्ये गीतकार म्हणून जुळवणाऱ्याचं नाव घालतात, ‘पारंपरिक’ फक्त चालीपुढं.