स्विमिंग पूलच्या काठाला झाड लावताय? आधी पान बघा, मग मूळ

घरामागे पोहायचा पूल बांधला की कडेला झाड हवंच असं वाटतं, आणि ते बरोबरच आहे, उघडाबोडका पूल म्हणजे तापलेल्या फरशांच्या मधलं नुसतं पाणी. पण नर्सरीत गेल्यावर आपण बघतो काय, तर फुलं किती छान, सावली किती दाट, वाढतं किती भराभर. पूलसाठी हे सगळं नंतरचं. आधी विचारायचं ते हे की पान केवढं आहे आणि ते कधी गळतं.

गुलमोहराचं एक पान हातात घ्या. जवळपास अर्धा मीटर लांब, मधे एक दांडा, त्याला दोन्ही बाजूंनी फाटे आणि प्रत्येक फाट्याला जेमतेम एक सेंटिमीटरच्या पर्णिका, अशा एका पानात शेकडो. गळताना त्या सुट्ट्या सुट्ट्या गळतात. पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणारं जे स्किमर असतं त्याची बास्केट मोठी पानं अडवते, पण ह्या पर्णिका तिच्या भोकांतून निसटतात आणि पुढे पंपाच्या जाळीत, फिल्टरमध्ये जाऊन बसतात, आणि ज्या तिथेही पोचत नाहीत त्या भिजून तळाला जातात. आता चाफ्याचं पान घ्या. वीतभर तरी लांब, जाड, गळतं ते अख्खं, आणि जाळीने एका फटक्यात निघतं. झाडाखाली कचरा दोन्हीकडे पडतो, पण साफ करायच्या मेहनतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शेवगा, चिंच, जॅकरांडा हे सगळे गुलमोहराच्याच बाजूचे, छान झाडं आहेत, पण पूलपासून लांब.

तळाला गेलेलं पान तिथे नुसतं पडून राहत नाही. त्यातलं टॅनिन पाण्यात उतरतं आणि चहाच्या कपाला पडतो तसा तपकिरी डाग प्लास्टरवर पडतो. कुजणाऱ्या पानातून फॉस्फेट सुटतं, ते शेवाळाचं खाद्य. आणि जे क्लोरीन जंतू मारायला टाकलेलं असतं ते ह्या कुजक्या कचऱ्याशी झुंजण्यातच संपून जातं. म्हणजे झाड चुकलं की पाण्यात केमिकल जास्त ओतावं लागतं, हे खूप कमी लोकांच्या डोक्यात येतं.

मुळांबद्दल मात्र लोक उगाच जास्त घाबरतात. मुळं पाण्याचा वास घेत पूलकडे येतात आणि काँक्रीट फोडतात असं सर्रास ऐकायला मिळतं. धडधाकट काँक्रीट मुळं सहसा फोडत नाहीत, अडथळा आला की त्याच्या कडेकडेने वाढत जातात. पण कुठे पाइपचा सांधा झिरपत असेल किंवा बारीक चीर असेल तर तिथली माती सतत ओली राहते, तिथे मुळांची दाटी होते, केसासारखं मूळ फटीत शिरतं आणि मग वर्षानुवर्षं जाड होत जातं. नुकसान होतं ते ह्या जाड होण्याने. शिवाय झाडाची बहुतेक मुळं वरच्या मीटरभर मातीतच पसरतात, खाली खोल जाण्यापेक्षा आडवी, आणि फांद्यांच्या घेरापेक्षाही बरीच लांब. त्यामुळे पूलच्या तळापेक्षा कडेच्या फरशा आणि जमिनीखालचे पाइप ह्यांनाच खरा धोका. वड, पिंपळ, उंबर आणि त्यांचे शोभेचे भाऊबंद, तसंच विलो, पॉपलर, निलगिरी ही नावं यादीतून सरळ काढून टाका.

पाम इथे कामी येतात ते ह्याचमुळे. आंब्याच्या किंवा वडाच्या मुळात लाकडाचे थर वाढवणारी एक पेशींची पट्टी असते, त्यामुळे मूळ दरवर्षी जाडजूड होतं. पाममध्ये ती पट्टीच नसते. बोटाएवढं मूळ बोटाएवढंच राहतं, फक्त नवीन मुळं फुटत राहतात, आणि फरशी उचलायची ताकद त्यांच्यात नसते. अरेका पाम, फॉक्सटेल पाम छान चालतात. नारळाची मुळंही तशीच, पण वरून नारळ आणि झावळ्या पडतात, खाली पोरं खेळत असतील तर नकोच. बांबू लावायचा असेल तर बेटाने वाढणाराच घ्या, जमिनीखालून लांब लांब धावणारा चुकूनही नको (आणि बेटाचा घेतला तरी पानं वर्षभर झडतात हे लक्षात ठेवा).

कण्हेर आणि पिवळी कण्हेर दिसायला सुंदर, पण दोन्हींचा प्रत्येक भाग विषारी आहे, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारं विष. मुलं जिथे ओल्या हातांनी काहीही उचलून तोंडात घालतात तिथे हे झाड लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता वारा. एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं की ते जेवढी उष्णता सोबत नेतं, तेवढ्यात साधारण 580 लिटर पाणी एक अंशाने थंड होतं, आणि वारा लागला की वाफ होण्याचा वेग वाढतो. म्हणजे वारा अडवला की पाणीही वाचतं आणि गारठाही कमी होतो. त्यासाठी भिंतीपेक्षा झाडांचं कुंपण चांगलं, भिंतीवरून वारा पलटी खाऊन खाली येतो, कुंपणातून तो थोडा थोडा गाळून मंद होतो आणि उंचीच्या दहापट अंतरापर्यंत आडोसा मिळू शकतो. पण वारा येतो त्या बाजूचीच पानं पाण्यात पडतात ना? म्हणून त्या बाजूला सदाहरित, मोठ्या पानांची, आटोपशीर झुडपं लावायची आणि मोठं झाड पलीकडे, वारा जातो त्या बाजूला.

सावली थोडीच हवी. उन्हाने क्लोरीन उडतं, पाण्यात स्टॅबिलायझर (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं रसायन) नसेल तर काही तासांत बरंचसं संपतं, त्यामुळे दुपारची सावली फायद्याची आणि तिच्यासाठी झाड पश्चिमेला. पण दिवसभर सावलीतलं पाणी तापतच नाही. पूल मिठाचा (म्हणजे पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन बनवणारा) असेल तर त्यातलं मीठ समुद्राच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढं असतं, रोज उडणाऱ्या शिंतोड्यांनी नाजूक झाडांच्या पानांच्या कडा करपतात, पाम ते बऱ्यापैकी सोसतात.

अंतर ठरवताना आजचं रोप बघू नका, पूर्ण वाढल्यावर फांद्या कुठवर येतील ते बघा आणि त्या काठाच्या बाहेरच राहतील असं लावा. मोठं होणारं झाड असेल तर निदान त्याच्या पूर्ण उंचीएवढं लांब.

आणि पूलजवळ आधीपासूनच जुनं मोठं झाड असेल तर घाईने तोडू नका. चिकण मातीत असं झाड वर्षानुवर्षं पाणी शोषून माती आकसून ठेवतं. ते तोडलं की माती हळूहळू ओल धरते, फुगते आणि पूलचा सांगाडाच वर उचलते, कधी कधी तर काही वर्षांनी. त्यापेक्षा आधी पाइपांची गळती तपासून घ्या, सांधे कोरडे करा आणि झाड काढायचंच असेल तर माती कशी आहे हे एखाद्या जाणत्या इंजिनिअरला दाखवून मगच.