शेवंतीला काळोख लागतो

पडवीतल्या दिव्याखालची शेवंती नुसती पानं काढत बसते आणि पलीकडे माडाच्या आळ्याजवळ लावलेली तीच जात मार्गशीर्षात फुलांनी वाकलेली असते. मग कुणी दृष्ट काढतं, कुणी ‘हमखास फुलांचं’ टॉनिक आणून ओततं. दोघांचेही पैसे फुकट, कारण दिवा रात्री उशिरापर्यंत चालूच.

शेवंती रात्र मोजते, ती पुरेशी लांब झाली की फुलते. फुलोरा दिवसाच्या लांबीवर ठरतो, हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली दाखवलं. रत्नागिरीत जून-डिसेंबरच्या दिवसांत फरक जेमतेम २ तासांचा, पण तिला तेवढा पुरतो. पानांतलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य तांबड्या प्रकाशात जागं होतं, अंधारात हळूहळू निष्क्रिय होतं. रात्र मध्येच दिव्याने तोडली की हिशेब बिघडतो. पॉलिहाऊसवाले मुद्दाम मध्यरात्री बल्ब लावून फुलणं लांबवतात, ते याच जोरावर.

पण मोजतं कोण, पान की शेंडा? १९३० च्या दशकात रशियात चायलाख्यान या वनस्पतिशास्त्रज्ञांनी शेवंतीच्याच वरच्या भागाची पानं काढून टाकली. खालच्या पानांना लहान दिवस आणि बोडक्या शेंड्याला मोठा दिवस दिला, तर झाड फुललं. उलट केलं, तर नाही. म्हणजे निरोप पानातून शेंड्याकडे जातो. त्या निरोप्याला त्यांनी फ्लोरिजेन म्हटलं. तो एफटी नावाचं प्रथिन आहे, हे पक्कं व्हायला २००७ उजाडलं. पुढे शेवंतीत त्याला अडवणारं दुसरं प्रथिनही सापडलं. रात्रीच्या उजेडात पान ते बनवतं. काही जाती मात्र रात्रीची फारशी पर्वा करत नाहीत.

फुललेल्या फांदीचा शेंडाच फूल होऊन बसतो, तो आता वाढायचा नाही. म्हणून फुलं सुकली की माघ-फाल्गुनात दांडे मुळाशी चार बोटं ठेवून छाटावेत. बुडातून काश्या, म्हणजे नवे फुटवे, येतात, त्याच पुढची लागवड. कोकणात त्यांचा खरा वैरी पाऊस. मुळं कुजतात, म्हणून कुंडी पागोळ्यांखाली नको, उंचावर हवी. मिरगानंतर रोपं वाढीला लागली की शेंडे खुडत राहावं, फांद्या वाढतात. गणपती गेल्यावर मात्र खुडणं बंद. तेव्हा शेंड्यात कळी धरू लागलेली असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.