राक्षसाची उंची घड्याळात मोजावी

महाकाय राक्षसांचे जुने चित्रपट आता ब्लू-रे आणि फोर-के डिस्कवर धुऊनपुसून परत आले आहेत. १९३३चा ‘किंग काँग’ २०१० साली ब्लू-रेवर आला. १९५४ ते १९७५ या काळातले गॉडझिलाचे पंधरा चित्रपट २०१९ साली एकाच संचात निघाले. ते पुन्हा पाहणाऱ्यांकडून तीन तक्रारी हमखास ऐकू येतात. चित्र इतकं स्वच्छ झालंय की राक्षसाला टांगणाऱ्या तारा दिसतात. राक्षस झालेल्या माणसाच्या सुटाच्या घड्या दिसतात. आणि सगळं उगाचच स्लो मोशनमध्ये चालतं. पहिल्या दोन तक्रारी खऱ्या आहेत. तिसरीतला ‘उगाचच’ हा शब्द मात्र मला अजिबात मान्य नाही. त्या संथपणामागे भौतिकशास्त्रातला एक अतिशय देखणा नियम आहे, आणि तो समजला की हे चित्रपट पाहण्याची नजरच बदलते.

आधी एक साधा प्रश्न. पडद्यावरची वस्तू मोठी आहे की छोटी, हे आपल्याला कळतं कशावरून? शेजारी घर असलं तर घरावरून, हे उत्तर चटकन सुचतं. पण घरही पुठ्ठ्याचं असू शकतं. खरी साक्ष देते ती पडणारी वस्तू. उंचीवरून सोडलेली वस्तू जमिनीवर यायला किती वेळ घेते, हे फक्त उंची आणि गुरुत्वाकर्षण या दोनच गोष्टींवर ठरतं (हवेचा अडथळा सोडून देऊ). उंची म्हणजे ४.९ गुणिले सेकंदांचा वर्ग. लहानपणापासून हातातून निसटलेल्या हजारो वस्तू पाहून आपल्या मेंदूत हे गणित मुरलेलं असतं. दोन मीटरवरून दगड सुटला तर तो ०.६४ सेकंदात खाली येतो. ५० मीटरवरून सुटला तर ३.२ सेकंद घेतो. उंची २५ पट, वेळ मात्र फक्त ५ पट. हा ‘५’ म्हणजे २५चं वर्गमूळ, आणि सगळी जादू त्या वर्गमुळात आहे.

१९५४चा गॉडझिला कथेत ५० मीटर उंच आहे. चित्रीकरणाच्या वेळी तो होता साधारण दोन मीटरचा सूट, आणि त्याच्या पायाखालचं टोकियो होतं २५ पटीने लहान केलेलं. तोहो स्टुडिओचे स्पेशल इफेक्टचे प्रमुख एइजी त्सुबुराया यांना खरं तर ‘किंग काँग’सारखं स्टॉप-मोशन, म्हणजे पुतळा थोडा थोडा हलवत एकेक चित्र टिपणं, हवं होतं. तेवढा वेळ आणि पैसा नव्हता, म्हणून माणसाला सूट घालून नाचवावं लागलं. ही तडजोड होती असं सगळे म्हणतात. मला ती या चित्रपटाचं भाग्य वाटते, कारण सुटावर, कोसळणाऱ्या भिंतींवर आणि उडणाऱ्या कौलांवर खरंखुरं गुरुत्वाकर्षण काम करत होतं. चूक फक्त एका बाबतीत होती: दोन मीटरच्या जगातल्या घटना ५० मीटरच्या जगातल्यापेक्षा पाच पट लवकर उरकत होत्या.

उपाय सरळ आहे. चित्रपट दर सेकंदाला २४ फ्रेम्स, म्हणजे २४ स्थिर चित्रं, दाखवतो. कॅमेरा पाच पट वेगाने, म्हणजे सेकंदाला १२० फ्रेम्सने चालवा आणि दाखवताना नेहमीच्या २४नेच दाखवा. ०.६४ सेकंदाचं पडणं आता ७७ फ्रेम्स व्यापतं, म्हणजे पडद्यावर ३.२ सेकंद चालतं. आता ते नुसतं ‘संथ’ राहिलेलं नाही. ५० मीटरची वस्तू जशी पडेल, काळाच्या बाबतीत ते हुबेहूब तसंच झालं आहे. प्रत्यक्षात त्या काळी प्रत्येक दृश्यासाठी इतका वेग गाठला जात नसे, पण त्सुबुराया कॅमेरा वेगात फिरवत होते ते याच कारणाने.

याची किंमत प्रकाशात मोजावी लागे. पाच पट फ्रेम्स म्हणजे प्रत्येक फ्रेमला एक पंचमांश वेळ, म्हणजेच पाच पट दिवे. त्यात छोटं मॉडेल जवळून टिपताना पुढचं आणि मागचं दोन्ही स्पष्ट हवं असेल तर लेन्सचं छिद्र बारीक करावं लागतं, मग दिवे आणखी वाढतात. त्या भट्टीत गॉडझिला साकारणारे नट हारुओ नाकाजिमा सूट घालून उभे राहत. पहिला सूट जवळजवळ १०० किलोचा होता. त्यात धड चालताच येईना, म्हणून दुसरा, जरा हलका सूट करावा लागला.

हा वर्गमुळाचा नियम सिनेमावाल्यांनी शोधलेला नाही. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याला जहाजांच्या छोट्या प्रतिकृती पाण्यात ओढून मोठ्या जहाजाला किती अडथळा होईल ते आधीच काढायचं होतं. १८७२च्या सुमारास त्याने टॉर्की इथे त्यासाठी लांबलचक टाकी उभारली. प्रतिकृती कुठल्या वेगाने ओढली तर तिच्या लाटा मोठ्या जहाजाच्या लाटांसारख्या दिसतील? त्याचं उत्तर असं: वेगाचा वर्ग भागिले लांबी आणि गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार, ही संख्या दोन्हीकडे सारखी हवी. तिला आज फ्रूड अंक म्हणतात. लांबी २५ पट कमी असेल तर वेग ५ पट कमी हवा. म्हणजे पुन्हा तेच वर्गमूळ.

हाच अंक चालण्यालाही लागू पडतो. चालताना पाय लंबकासारखा झुलतो आणि लंबकाचा आवर्तनकाळ लांबीच्या वर्गमुळाने वाढतो. माणसाचं एक पाऊल साधारण अर्ध्या सेकंदाचं धरलं, तर २५ पट उंच प्राण्याचं पाऊल अडीच सेकंदांचं असायला हवं. प्राणिशास्त्रज्ञ आर. मॅकनील अलेक्झांडर यांनी १९७६ साली फ्रूड अंक वापरूनच डायनोसॉरच्या पाऊलखुणांवरून त्यांच्या चालीचा वेग काढला. म्हणजे गॉडझिलाची ती जड, थबकत पडणारी पावलं आणि जीवाश्मशास्त्रज्ञांची आकडेमोड एकाच सूत्रावर उभी आहेत.

आता माझा सर्वांत आवडता भाग: आग. ज्योत फडफडते, कारण तापलेला हलका वायू वर उसळतो आणि कडेने थंड हवा आत घुसते, त्यातून भोवरे सुटत राहतात. उसळणं हे गुरुत्वाकर्षणाचंच काम आहे. त्यामुळे आगीच्या फडफडीचाही ठरलेला ताल असतो. सेकंदाला किती वेळा, तर सुमारे १.५ भागिले आगीच्या तळाच्या व्यासाचं (मीटरमध्ये) वर्गमूळ. एक मीटर रुंद आग सेकंदाला दीड वेळा फडफडते. चार सेंटिमीटरची? ०.०४चं वर्गमूळ ०.२, म्हणून १.५ भागिले ०.२, म्हणजे साडेसात वेळा. एक मीटर आणि चार सेंटिमीटर यांत २५ पटींचा फरक, आणि दीड व साडेसात यांत ५ पटींचा! कॅमेरा पाच पट वेगात फिरवला की टेबलावरच्या इवल्या आगीचा ताल जळत्या घराच्या तालाशी आपोआप जुळतो. आगीसाठी वेगळी युक्ती लागतच नाही. पडणं, चालणं आणि जळणं या तीन वेगळ्या वाटणाऱ्या गोष्टी एकाच गुणकाने सुधारतात, कारण तिन्हींच्या मुळाशी गुरुत्वाकर्षण आहे. पहिल्या गॉडझिलात टोकियो जळतं तो भाग पुन्हा पाहा. काही ज्वाळा खऱ्या वणव्यासारख्या भारदस्त वाटतात, काही चुलीतल्यासारख्या चुरचुरतात. फरक बहुधा कॅमेऱ्याच्या वेगाचा आहे.

पाणी मात्र दगा देतं. पाण्याचा थेंब किती मोठा होऊ शकेल हे पृष्ठताण ठरवतो, आणि पृष्ठताणाला कॅमेऱ्याच्या वेगाशी काही देणंघेणं नसतं. हवेतून पडणारा थेंब पाचसहा मिलिमीटरच्या पुढे फारसा टिकत नाही, फुटतो. २५ पटीने लहान केलेल्या बंदरात पाच मिलिमीटरचा थेंब उडाला, तर कथेच्या मापाने तो साडेबारा सेंटिमीटरचा, म्हणजे सोललेल्या नारळाएवढा झाला. पाण्याचा जोर आणि पृष्ठताण यांच्या गुणोत्तराला वेबर अंक म्हणतात. त्यात वेगाचा वर्ग गुणिले लांबी येते, म्हणून आपल्या मॉडेलमध्ये तो २५ गुणिले २५, म्हणजे ६२५ पटीने घसरतो. फ्रूड अंक सांभाळला की वेबर अंक हातचा जातो. पाणी तेच ठेवून दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत. म्हणून पाण्यात साबणासारखी द्रव्यं घालून पृष्ठताण कमी करणं, जोरदार पंख्यांनी तुषार बारीक करणं असे उपाय करतात. वरून दिसणाऱ्या शांत समुद्रासाठी त्सुबुराया यांनी तर पाणी सोडून आगर-आगरची जेलीच वापरली होती. व्हीएचएस कॅसेटच्या धूसर चित्रात हे थेंब विरघळून जायचे. ब्लू-रेच्या १९२० गुणिले १०८० बिंदूंत ते एकेक करून मोजता येतात. जुनं चित्र ‘खोटं दिसायला लागलं’ असं म्हणतात त्यातला मोठा वाटा या थेंबांचा आहे.

घरी पाहण्याच्या साधनांनी आणखी एक गोष्ट बिघडवली होती, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. युरोप, भारत, ऑस्ट्रेलिया अशा ‘पाल’ पद्धतीच्या देशांत दूरचित्रवाणी सेकंदाला २५ फ्रेम्स दाखवायची. २४ फ्रेम्सचा चित्रपट कॅसेटवर किंवा डीव्हीडीवर घेताना तो सरळ २५ने पळवत असत. चार टक्क्यांनी काय बिघडतं? उंची वेळेच्या वर्गावर ठरते, म्हणून २५ भागिले २४ याचा वर्ग करा: १.०८५. म्हणजे ५० मीटरचा राक्षस ४६ मीटरचा झाला! वर त्याची डरकाळीही किंचित चढ्या पट्टीत गेली. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बास या मोठ्या तंतुवाद्याच्या तारांवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासून घडवलेला तो आवाज, त्याचं भारीपण अशा रीतीने थोडं हरवलं. अमेरिका, जपान अशा ‘एनटीएससी’ पद्धतीच्या देशांत गती जवळजवळ बरोबर राहायची, पण फ्रेम्स आळीपाळीने कमीजास्त वेळ थांबायच्या, त्यामुळे संथ हालचाल अडखळायची. ब्लू-रे मूळ २४च्या तालावर चालते. माझ्या मते तिची खरी देणगी ही आहे, वाढलेले बिंदू नंतर.

आजच्या टीव्हीत हालचाल ‘गुळगुळीत’ करण्याची सोय असते, ती या चित्रपटांसाठी बंद ठेवा. दोन फ्रेम्सच्या मधली चित्रं टीव्ही स्वतःच्या अंदाजाने रचतो. ‘किंग काँग’मधल्या विलिस ओब्रायन यांच्या जेमतेम दीड फुटी पुतळ्यांचं त्यात फार नुकसान होतं. स्टॉप-मोशनमध्ये गुरुत्वाकर्षण फुकट मिळत नाही. वजनाचा भास प्रत्येक फ्रेमला हाताने घडवावा लागतो. काँगच्या अंगावरची सळसळणारी लव म्हणजे पुतळा हलवणाऱ्या बोटांचे ठसे आहेत, आणि ते जसेच्या तसे दिसायला हवेत. कृत्रिम बुद्धिमत्तेने ‘फोर-के’ केलेल्या म्हणून फिरणाऱ्या चित्रफितींचंही तेच. मूळ निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करणं वेगळं आणि नसलेला तपशील कल्पनेने भरणं वेगळं. दुसऱ्याला जीर्णोद्धार म्हणणं ही निव्वळ जाहिरात आहे.

असा प्राणी खरंच असू शकेल का? नाही. उंची २५ पट झाली की हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ ६२५ पट होतं आणि वजन १५,६२५ पट. हाडावरचा ताण २५ पट वाढतो. हे गॅलिलिओने १६३८ साली हाडाच्या आकृतीसह दाखवलं होतं आणि जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६च्या एका निबंधात सुरेख समजावलं. तरीही ‘घटोत्कचाचा सांगाडा सापडला’ असं छायाचित्र दर काही महिन्यांनी मोबाइलवर येतंच. ते २००२ साली चित्रांत फेरफार करण्याच्या एका स्पर्धेसाठी बनवलेलं आहे, आणि त्याचा आधार न्यूयॉर्क राज्यातल्या मॅस्टोडॉन या हत्तीसारख्या नामशेष प्राण्याच्या उत्खननाचा फोटो आहे. त्यातली हाडं नीट पाहा: नेहमीच्या माणसाच्याच प्रमाणातली आहेत. तेवढ्या उंचीच्या देहाला ती उभं राहू देणार नाहीत. महाभारताचं मोठेपण असल्या पुराव्यावर टेकलेलं नाही, मग तो पुढे पाठवायचाच कशाला?

कॅमेऱ्याच्या वेगाचं महत्त्व पटवणारा उत्तम प्रयोग चुकून झालेला आहे. १९५५च्या ‘गॉडझिला रेड्स अगेन’मध्ये गॉडझिला आणि अँगिरस नावाचा दुसरा राक्षस यांची ओसाकात झुंज होते. चित्रीकरणात एक कॅमेरा वेगात चालवण्याऐवजी सेकंदाला १८ फ्रेम्सवर राहून गेला. त्सुबुराया यांना तो परिणाम आवडला आणि ते तुकडे चित्रपटात राहिले. आता हिशोब करा. १८ने टिपलेलं २४ने दाखवलं तर हालचाल १.३३ पट जलद होते. त्याचा वर्ग १.७८. दोन मीटरचा सूट भागिले १.७८, म्हणजे १.१ मीटर. त्या क्षणांत ५० मीटरचा राक्षस, आत शिरलेल्या माणसाहूनही ठेंगणा दिसतो! झुंजीला जनावरांची चपळाई येते हे खरं, पण वजन पार उडून जातं. आजच्या संगणकावर रचलेल्या राक्षसांतही मला हेच खटकतं. तिथे गुरुत्वाकर्षण सक्तीचं नसतं, आणि पाचशे फुटी प्राणी मांजरासारखा वळतो.

पडताळा घरीच घेता येतो. २४ फ्रेम्सची डिस्क लावा, एखादा ढासळणारा तुकडा निवडा आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत तो सुटल्यापासून जमिनीला लागेपर्यंतच्या फ्रेम्स मोजा. त्या संख्येला २४ने भागा, वर्ग करा, ४.९ने गुणा: डोळ्यांना जाणवणारी उंची मीटरमध्ये मिळेल. ४० फ्रेम्स आल्या तर १३.६ मीटर. वरच्या झुंजीत ढासळणाऱ्या ओसाका किल्ल्याचा खरा मनोरा दगडी चौथऱ्यासह सुमारे ५५ मीटर उंच आहे, म्हणजे त्याच्या माथ्यावरचं कौल जमिनीपर्यंत यायला ८० फ्रेम्स लागायला हव्यात. जितक्या कमी भरतील, तितका किल्ला बुटका.