डेटा सेंटर म्हणजे आयटी पार्क नव्हे

नवी मुंबईत महापे, रबाळे किंवा ऐरोलीच्या बाजूला नव्या डेटा सेंटरची घोषणा झाली की आमच्याकडच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मजकूर फिरतो: हजारो कोटींची गुंतवणूक, आता आपल्या पोरांना घराजवळ आयटीतली नोकरी. मागोमाग इस्टेट एजंटांच्या जाहिराती येतात, ‘डेटा सेंटर हबपासून पाच मिनिटांवर वन बीएचके’. पुढाऱ्यांच्या भाषणात तर ‘आयटी-डेटा सेंटर’ असा जोडशब्दच झाला आहे. मी याच पट्ट्यात एचटी पॅनेल (उच्चदाबाच्या विजेची) आणि यूपीएसच्या (वीज गेल्यावर बॅटरीवर चालवणारी यंत्रणा) कामात आहे. दोन्ही प्रकारच्या इमारतींत माझं जाणं-येणं असतं आणि ही गल्लत ऐकून मला खरोखर वीट आला आहे. लोक तिच्या भरवशावर मुलांचे कोर्स ठरवतात, गावठाणात वरचे मजले चढवतात आणि त्यासाठी कर्ज काढतात.

आयटी पार्क काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. ऐरोलीचं माइंडस्पेस घ्या किंवा महाप्याचं मिलेनियम बिझनेस पार्क. सकाळी स्टेशनातून बाहेर पडणारा गळ्यात आयकार्ड घातलेला लोंढा, शेअर रिक्षाची रांग, दुपारी टपऱ्यांवरची गर्दी, तळवली-गोठिवली-घणसोलीच्या चाळींतून तिघा-चौघांनी मिळून घेतलेल्या खोल्या. हे सगळं आपण रोज बघतो.

डेटा सेंटरमध्ये सर्व्हर ठेवतात. बँकेचं ॲप, रेल्वेचं तिकीट, फोनमधले फोटो, सगळं ज्या यंत्रांवर चालतं ती यंत्रं. बाहेरून ओळखायला सोपं: खिडक्या नाहीत, गच्चीवर पाणी गार करणारे चिलर, मागच्या अंगाला जनरेटरच्या धुराड्यांची रांग. कॉल सेंटरशी आणि डेटा एंट्रीशी त्याचा काही संबंध नाही. वरवरचे फरक एवढ्यावर सोडून देऊ.

खरी गफलत होते ती मापात. आयटी पार्कची क्षमता माणसांत मोजतात. किती चौरस फूट, त्यात किती सीट. डेटा सेंटरची क्षमता मेगावॉटमध्ये, म्हणजे ते किती वीज खेचू शकतं त्यावर मोजतात. धंद्यातल्या कोणालाही विचारा, ‘केवढं आहे?’ तो वीस, चाळीस, शंभर मेगावॉट असंच उत्तर देईल. आत माणसं किती, हा आकडा त्याला आठवावा लागेल. एक मेगावॉट उभारायला ढोबळमानाने पन्नास ते सत्तर कोटी रुपये लागतात, आणि हा पैसा जातो सबस्टेशन, ट्रान्सफॉर्मर, बॅटऱ्या, जनरेटर, चिलर, आग विझवण्याची यंत्रणा यांत. आतले सर्व्हर ग्राहकाचे, त्यांचा खर्च वेगळा, आणि ते बहुतेक परदेशातून येतात. म्हणून बातमीतल्या हजार कोटींवरून नोकऱ्यांचा अंदाज बांधणं चुकीचं आहे. हजार कोटींचं आयटी पार्क हजारो माणसं पोसतं. हजार कोटींचं डेटा सेंटर एकदा सुरू झालं की कायमची माणसं काही डझन, फार तर शंभर-दोनशेच्या घरात, तीही तिन्ही पाळ्या आणि सिक्युरिटी धरून. बांधकाम चालू असताना साइटवर खूप माणसं दिसतात, पण ती दीड-दोन वर्षांची, ठेकेदाराबरोबर येतात आणि त्याच्याबरोबरच पुढच्या साइटवर जातात. घोषणेतल्या रोजगाराच्या आकड्यात बरेचदा हीच माणसं मिसळलेली असतात, वर ‘अप्रत्यक्ष’ नावाचा रकाना असतोच. तो आकडा वाचताना माझा तरी त्यावर विश्वास बसत नाही.

रात्रपाळीत आत काय दिसतं ते सांगतो. दोन दारांच्या मधल्या खोलीत उभं राहायचं, मागचं दार बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नाही. आत रॅकच्या, म्हणजे सर्व्हर रचलेल्या कपाटांच्या रांगा. पुढून गार हवा घ्यायची, मागून गरम सोडायची, आणि दोन्ही मिसळू नयेत म्हणून मधली गल्ली बंदिस्त केलेली. पंख्यांचा आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. आणि त्या हॉलमध्ये माणूस कुठेच नाही. दिवेसुद्धा हालचाल झाली तरच लागतात. माणसं बसलेली असतात बीएमएस रूममध्ये, म्हणजे इमारतीच्या सगळ्या यंत्रणांवर जिथून लक्ष ठेवतात त्या खोलीत: एक शिफ्ट इंजिनिअर, एक इलेक्ट्रिशियन, एक चिलरवाला, स्क्रीनसमोर एक ऑपरेटर. दर दोन तासांनी कोणीतरी उठतो आणि ट्रान्सफॉर्मरचं तापमान, यूपीएसचा लोड, चिलरमध्ये जाणारं आणि येणारं पाणी किती डिग्री, डिझेलची पातळी, सगळं लॉगबुकात उतरवतो. काही बिघडलं नाही की पाळी संपली. काही बिघडू नये यासाठीच त्यांना पगार मिळतो.

हा फरक सगळ्यांत लख्ख दिसला २०२० मध्ये. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरची आयटी पार्कं रिकामी झाली. कंपन्यांचं काम घरून चालू राहिलं, पण टपऱ्या बंद पडल्या, रिक्षा उभ्या राहिल्या, गावठाणातल्या खोल्यांवर ‘भाड्याने देणे’च्या पाट्या लागल्या. ज्यांनी त्या खोल्यांच्या भाड्यावर हप्ते बांधले होते त्यांचे हाल मी जवळून पाहिले आहेत. त्याच काळात डेटा सेंटरांचा लोड वर चढत होता, कारण शाळेपासून कचेरीपर्यंत सगळं ऑनलाइन गेलं होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये पनवेलला योट्टा कंपनीचं ७,२०० रॅकचं डेटा सेंटर सुरू झालं. आयटी पार्कातून माणसं गेली की भोवतालचा बाजार बसतो. डेटा सेंटरच्या भोवती असा बाजार मुळात उभाच राहत नाही. तेव्हा ‘हब’च्या भरवशावर वरचा मजला चढवणाऱ्यांनी एवढा तरी हिशेब करावा, की तुमचा भाडेकरू कोण असणार आहे?

आणखी एक तारीख, १२ ऑक्टोबर २०२०. मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, घरून काम करणाऱ्यांचे लॅपटॉप बंद पडले. डेटा सेंटरं बांधलेलीच असतात अशा दिवसासाठी. वीज गेली की पहिली काही मिनिटं बॅटरी, तेवढ्यात जनरेटर लोड घेतो, आणि डिझेलचा साठा निदान बारा तासांचा, पुष्कळ ठिकाणी दोन दिवसांचा. आपल्या सोसायटीची लिफ्ट बंद असताना पलीकडच्या इमारतीत एका रॅकलाही ते कळत नाही.

आता विजेचा हिशेब मांडू, कारण वस्तीवर खरा भार पडतो तो इथे. ५० मेगावॉटचं डेटा सेंटर पूर्ण लोडवर चाललं तर दिवसाला १२ लाख युनिट, वर्षाला जवळजवळ ४४ कोटी युनिट. महिन्याला दोनशे युनिट जाळणारं घर धरा, म्हणजे वर्षाला २,४०० युनिट. भागाकार केला की उत्तर येतं एक लाख ऐंशी हजार घरं. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिका हद्दीची लोकसंख्या ११ लाख २० हजार होती. चार माणसांचं घर धरलं तर पावणेतीन-तीन लाख घरं. म्हणजे एका मोठ्या डेटा सेंटरची भूक तेव्हाच्या निम्म्याहून जास्त शहराएवढी. आयटी पार्कची वीज सकाळी चढते, संध्याकाळी उतरते, रविवारी झोपते. डेटा सेंटरचा लोड रात्री तीनला आणि दुपारी तीनला जवळपास सारखाच. म्हणूनच ‘आमचं केंद्र शंभर टक्के हरित’ हा दावा मला खटकतो. वर्षभरात जेवढे युनिट जाळले तेवढे सौर युनिट कुठेतरी विकत घेतले, असा त्याचा बहुधा अर्थ असतो. रात्री तीनला सौर पॅनेल काही देत नाही. त्या वेळी ग्रिडमध्ये जे असेल तेच जळतं, आणि आपल्याकडे ते मुख्यतः कोळशाचं असतं.

पाण्याबद्दल मात्र आपल्याकडे जरा जास्त ओरड होते. उष्णता बाष्पीभवनाने घालवायची तर युनिटमागे साधारण दीड लिटर पाणी उडतं. ५० मेगावॉटला दिवसाला १८ लाख लिटर. आकडा मोठा वाटतो, पण नवी मुंबईला पाणी देणाऱ्या मोरबे धरणाची योजना दिवसाला ४५ कोटी लिटरची आहे, आणि एमआयडीसीला पाणी मुख्यतः बारवी धरणाचं. शिवाय हवेने गार होणारे चिलर लावले तर पाणी जवळजवळ लागतच नाही, त्याच्या बदल्यात वीज जास्त जाते. पाणी वाचवलं की वीज वाढते, हा सौदा कोणीही मोकळेपणाने सांगत नाही. मला विचाराल तर बाष्पीभवनाने गार करणारे कूलिंग टॉवरच बसवावेत, पण ऐरोली-कोपरखैरणेच्या मलप्रक्रिया केंद्रांतून शुद्ध करून एमआयडीसीला द्यायचं जे पाणी आहे त्यावर चालवण्याची सक्ती करून.

मग ही केंद्रं इथेच का येतात? इंटरनेटच्या समुद्राखालच्या केबल वर्सोव्याला आणि मुंबईच्या किनाऱ्यावर लागतात. बँका आणि शेअर बाजार मुंबईत आहेत. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पेमेंटचा सगळा डेटा भारतातच ठेवायला सांगितलं. आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक कारखान्यांसाठी आखलेले मोठे प्लॉट आणि उच्चदाबाच्या वाहिन्या आधीपासून आहेत. यात माणसांचा मुद्दा कुठेच येत नाही. सर्व्हर रबाळ्यात हवा, पण त्यावर काम करणारा पुण्यात, बेंगळुरूत किंवा घरी बसला तरी चालतो. बातमीत ‘आयटी’ हा शब्द येतो तो सरकारी चौकटीमुळे: राज्याच्या २०२३ च्या आयटी धोरणातच डेटा सेंटरही बसवलेली आहेत. केंद्राने मात्र २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात त्यांना पायाभूत सुविधांचा दर्जा दिला. रस्ता, बंदर, वीजवाहिनी यांच्या पंगतीत. माझ्या मते योग्य जागा तीच.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आयटी पार्क आणि डेटा सेंटरमधलं हे अंतर आणखी वाढणार आहे. पनवेलच्या त्या ७,२०० रॅकच्या केंद्राची क्षमता सुमारे ५० मेगावॉट, म्हणजे रॅकमागे सरासरी सातेक किलोवॉट. एनव्हिडिया या चिप कंपनीची ७२ जीपीयूंची (कृत्रिम बुद्धिमत्तेचं गणित करणाऱ्या चिपांची) जीबी२०० रॅक एकटी सुमारे १२० किलोवॉट खेचते. तिला नुसती हवा पुरत नाही, थेट चिपपर्यंत द्रव फिरवावा लागतो. त्याच चौरस फुटात वीज सोळा-सतरा पट, माणसं तेवढीच. आणि या रॅक जे काम शिकत आहेत त्यात ग्राहकांच्या तक्रारींना उत्तर देणं, बिलं तपासणं, प्राथमिक कोड लिहिणं हे येतं. आयटी पार्कमध्ये नव्याने लागणारी आपली मुलं आज हेच काम करतात. तेव्हा रस्त्याच्या एका बाजूची इमारत दुसऱ्या बाजूच्या इमारतीतल्या खुर्च्या कमी करू शकते, आणि आपण मात्र दोघींना एकाच नावाने हाक मारतो. मला याची मनापासून काळजी वाटते.

शेजारच्या पोराने मध्यंतरी विचारलं, ‘दादा, डेटा सेंटरला लागायचं तर पायथन शिकू का?’ मी त्याला सांगितलं, बाबा, तिथे जायचं तर आयटीआय कर. इलेक्ट्रिशियन, वायरमन, एसी-रेफ्रिजरेशन. किंवा इलेक्ट्रिकल-मेकॅनिकलचा डिप्लोमा. वायरमनचा परवाना काढ, पुढे सुपरवायझरचा. ब्रेकर रॅक-आऊट करायला, म्हणजे पॅनेलमधून बाहेर ओढायला, अर्थिंग तपासायला, चिलर का ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, ते शोधायला हात आणि डोकं दोन्ही लागतात, आणि हे काम इतक्यात कुठलं सॉफ्टवेअर करणार नाही. पायथन शिकायचं असेल तर जरूर शिक, पण ती वाट आयटी पार्ककडे जाते.

‘भूमिपुत्रांना ८० टक्के नोकऱ्या’ ही मागणी कारखान्यांच्या काळात बरोबर होती आणि आयटी पार्कातही तिला अर्थ आहे. डेटा सेंटरच्या गेटवर तीच मागणी केली तर हाती काय येतं ते बघा: पन्नास जणांचे ८० टक्के म्हणजे चाळीस, आणि त्यातले बरेच सिक्युरिटी आणि हाउसकीपिंगच्या ठेकेदाराकडचे. ज्यांच्या जमिनींवर ही एमआयडीसी उभी आहे त्यांनी एवढ्यावर समाधान मानू नये. या केंद्रांना वीज शुल्कात आणि मुद्रांक शुल्कात सवलत मिळते, ती सार्वजनिक पैशातून मिळते. तेव्हा मोर्चा न्यायचा तर विचारायचं, मंजूर भार किती मेगावॉट, जनरेटर किती आणि वस्तीपासून किती अंतरावर, गार करण्याची पद्धत कोणती, चालू झाल्यावर कंपनीच्या स्वतःच्या पगारपत्रकावर किती माणसं, आणि या सवलतींच्या बदल्यात इथल्या आयटीआयमध्ये एचटी पॅनेल आणि चिलरची प्रयोगशाळा कोण बांधून देणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नका, भूखंडाच्या करारात लिहून घ्या.