व्हॅक्यूम पंप आपोआप चालू-बंद करायचा तर आकडे दोन लागतात

घरी व्हॅक्यूम बॅग (आतली हवा काढून घेता येते अशी हवाबंद पिशवी) वापरून प्लायवर व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवणारे बरेच जण पंप एकदा चालू करतात आणि ग्लू सेट होईपर्यंत तासन्‌तास तसाच चालू ठेवतात, आणि खरं सांगायचं तर त्याची काहीच गरज नसते. बॅगेतली हवा काढायला काही मिनिटं पुरतात, त्यानंतर पंपाला काम उरतं ते फक्त कुठूनतरी झिरपून आत येणारी थोडीशी हवा बाहेर टाकायचं. तेवढ्यासाठी मोटर तापते, वीज जाते आणि आवाजाने डोकं उठतं ते वेगळंच.

व्हॅक्यूम टिकणं मात्र महत्त्वाचं, कारण सगळा जोर बाहेरच्या हवेचा असतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण 101 किलोपास्कल. बॅगेत तो 80 ने कमी केला तर 60 बाय 60 सेंटीमीटरच्या फळीवर जवळजवळ 2900 किलोचा भार पडतो, तोही सगळीकडे सारखा, शिकंजे लावून हे होणारच नाही.

आता ऑटोमॅटिक करायचं म्हणजे प्रेशर सेन्सर आणि रिले, म्हणजे सर्किटच्या इशाऱ्यावर मोटर चालू-बंद करणारा स्विच. पहिल्यांदा सुचतं ते असं की व्हॅक्यूम 80 ला पोचला (म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा 80 किलोपास्कलने कमी झाला) की बंद, 80 च्या खाली आला की चालू. यात पंप बंद होतो, लगेच व्हॅक्यूम 79.9 होतो, परत चालू, परत बंद, रिले नुसता टकटकत राहतो. मोटर सुरू होताना नेहमीच्या 5 ते 7 पट करंट ओढते, त्यामुळे असं दर काही सेकंदाला झालं तर रिलेचे कॉन्टॅक्ट जळतात आणि मोटरचं वाइंडिंगही तापतं. म्हणून दोन आकडे ठेवायचे, 80 ला बंद आणि 70 ला चालू. पाण्याच्या टाकीवरचा फ्लोट स्विच हेच करतो ना, एक कप पाणी कमी झालं म्हणून तो मोटर लावत नाही.

पण नुसत्या फरकाने भागत नाही, आतली जागाही मोठी लागते. समजा गळती मिनिटाला अर्धा लिटर हवेची आहे आणि बॅग-पाइप मिळून जागा 2 लिटर. मग 10 किलोपास्कल उतरायला फक्त 24 सेकंद लागतात! त्यालाच 18 लिटरची टाकी जोडली की तेच अंतर 4 मिनिटांवर जातं. माझ्या मते सगळ्या सेटअपमध्ये सगळ्यात कामाची वस्तू ही टाकीच आहे, सर्किट नंतर. फक्त ती जाड लोखंडी प्रेशर टाकी हवी, काचेची बरणी किंवा पातळ डबा अजिबात नको, तो आत चेपून फुटू शकतो.

पंप आणि टाकीच्या मध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे हवेला एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, हवाच, आणि सेन्सर त्या व्हॉल्व्हच्या टाकीकडच्या बाजूला. पंपाकडे लावला तर पंप थांबल्यावर त्याच्यातूनच हवा मागे शिरते, सेन्सरला वाटतं व्हॅक्यूम गेला आणि टाकी ठणठणीत असताना पंप विनाकारण चालू होतो. काही पिस्टन आणि डायफ्राम पंप तोंडाशी व्हॅक्यूम अडकलेला असताना नीट सुरूच होत नाहीत, मोटर नुसती हूं करत अडकते, त्यांना पंप आणि व्हॉल्व्हच्या मधल्या पाइपवर छोटा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा-बंद होणारा व्हॉल्व्ह) लावायचा, पंप बंद असताना तो उघडून तेवढ्याच भागात हवा सोडतो. फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर वापरणाऱ्यांनी तर बंद झाल्यावर काही मिनिटं थांबवायलाच हवं, त्याचा स्टार्टिंग रिले थंड व्हायला वेळ घेतो.

सेन्सर घेताना रेंज बघा. हवामानासाठी मिळणारा बीएमपी280 हा सेन्सर 300 हेक्टोपास्कलच्या खाली वाचायला बनवलेलाच नाही आणि आपल्याला जायचंय 210 च्या आसपास (101 मधून 80 गेले की उरतात 21 किलोपास्कल, म्हणजेच 210 हेक्टोपास्कल). उंचीचंही बघा. 2000 मीटरवर बाहेरच्या हवेचाच दाब 80 किलोपास्कलच्या जरा खाली असतो, तिथे 80 ने कमी करणं शक्यच नाही, म्हणजे 80 वर सेट केलेला पंप कधी बंदच होणार नाही, तिथे आकडे 60 आणि 50 असे खाली आणावे लागतील.

आणि प्रोग्राममध्ये एक वेळेची मर्यादा टाकाच. एरवी 3 मिनिटांत पोचणारा पंप 10 मिनिटं झाली तरी पोचला नाही तर त्याला बंद करून बझर वाजवायचा, बहुतेक वेळा बॅगेचं सील कुठेतरी उघडलेलं सापडतं.