नरक्या आणि डीएनएचा पीळ

"झाडपाल्याचं औषध आहे, अपाय काहीच नाही." कर्करोगाच्या रुग्णाला हे ऐकवणारं कुणी ना कुणी भेटतंच. अशांना नरक्याची हकीकत सांगावी.

नरक्या हे सह्याद्रीतलं झाड. फुलांना दुर्गंधी, तरी त्याची चोरटी तोड होते, कारण त्यात कॅम्पटोथेसिन हे कर्करोगाच्या पेशी मारू शकणारं रसायन असतं. हा रेणू पहिल्यांदा हाती लागला तो मात्र एका चिनी झाडातून. 1966 साली अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारात जन्मलेले मनसुख वाणी यांनी त्याची रचना जाहीर केली.

तो काम कसं करतो, हे मोठं मजेशीर आहे. पेशी दुभागण्याआधी डीएनएची नक्कल व्हावी लागते आणि त्यासाठी त्याचे दोन धागे सुटे करावे लागतात. सुंभाचे पेड मधूनच सोडवायला घेतले की पुढचा पीळ आवळत जातो, तसंच इथं होतं. हा ताण टोपोआयसोमरेज-1 नावाचं विकर (एन्झाइम) घालवतं. ते एक धागा कापतं, कापलेलं टोक स्वतःला चिकटवून धरतं, पीळ सैल होऊ देतं आणि पुन्हा सांधतं. कॅम्पटोथेसिन नेमकं त्या कापात जाऊन बसतं. सांधा जुळत नाही, विकर तिथंच अडकतं. मागून येणारी नक्कल करणारी यंत्रणा त्यावर आदळते आणि दोन्ही धागे तुटतात. पेशी मरते.

पण दुभागणारी पेशी कर्करोगाच्या गाठीतली की रक्तपेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेतली, हे त्या रेणूला कुठून कळणार? 1970च्या दशकात रुग्णांवर चाचण्या झाल्या तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला, रक्तपेशी घटल्या. चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे रेणूत फेरफार करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं तयार झाली. दोन्हींना अमेरिकेत 1996 साली मंजुरी मिळाली. तीही मोजूनमापून, रक्त तपासत द्यावी लागतात. सालीचा काढा उकळून हे साधणार नाही, व्हॉट्सॲपवर कुणी काहीही लिहो.

'जोडीला घ्यायला काय हरकत आहे?' यालाही उत्तर आहे. इरिनोटेकॅन चालू असताना सेंट जॉन्स वर्ट ही युरोपातली 'सौम्य' वनस्पती दिली, तर औषधाच्या सक्रिय रूपाचं रक्तातलं प्रमाण 42 टक्क्यांनी घटलं, असं 2002च्या एका डच अभ्यासात दिसलं. या वनस्पतीमुळे यकृतातलं सीवायपी3ए4 हे विकर वाढतं आणि औषधाला भलत्याच वाटेला लावतं. हळदीच्या कॅप्सूलमध्ये मिरीतलं पायपरीन घालतात, ते उलट अशा विकरांना मंदावतं. मग काही औषधं रक्तात जास्त रेंगाळतात.

आमटीतल्या हळदीला कुणी अडवत नाही. कॅप्सूलची बाटली मात्र किमोच्या फाइलबरोबर डॉक्टरांपुढे ठेवावी. लेबल नसलेली चूर्णाची पुडी असेल तर तीसुद्धा.