कांद्याला फुकटचं श्रेय

रस्त्यात कुणाला फिट आली की गर्दीतून हमखास एक कांदा पुढे येतो. कांदा नसेल तर चप्पल. ती नाकाशी धरतात, मिनिटाभरात हातपाय झाडणं थांबतं आणि कांद्याचा गुण सिद्ध होतो! पण कांदा न हुंगवताही बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत थांबतातच. थांबवतो तो खुद्द मेंदू.

मोठ्या फिटमध्ये आधी अंग ताठ होतं, साधारण दहा-वीस सेकंद. मेंदूतल्या विजेच्या आलेखावर, म्हणजे ईईजीवर, तेव्हा दाट आणि वेगवान लाटा उमटतात. मग झटके सुरू होतात. शांतपणे पाहिलं (अशा वेळी कोण पाहणार म्हणा) तर लक्षात येतं, की दोन झटक्यांमधलं अंतर हळूहळू वाढतंय. आलेखावरही तेच दिसतं: टोकदार लाटांचा झुबका, मग विराम, पुन्हा झुबका, आणखी लांब विराम. चेतापेशींना आवर घालणारी यंत्रणा पुन्हा जोर धरू लागल्याची ही खूण.

पेशी थकतात म्हणून फिट थांबते, असं वाटणं साहजिक आहे. पण तेवढंच कारण असतं, तर काही रुग्णांची फिट तासन् तास चालली नसती. म्हणून तर पाच मिनिटं उलटली की वाट न पाहता दवाखाना गाठायचा. फिट आवरायला अनेक गोष्टी हातभार लावतात. पेशी इंधन जाळतात तेव्हा ॲडेनोसिन साठतं. कॉफी ज्याचं काम अडवून आपली झोप उडवते, तेच हे. शिवाय मेंदूतली आम्लता वाढते आणि पेशींची खळबळ मंदावते. उलटा पुरावाही आहे. काही लहान मुलं क्षणभर शून्यात पाहत राहतात, हाही फिटचाच एक प्रकार. अशा मुलांना ईईजीच्या वेळी तीन मिनिटं जोरजोरात श्वास सोडायला लावतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, आम्लता उतरते आणि अनेकदा तिथेच फिट येते. सेकंदाला तीन या ठेक्यात लाटा दिसू लागतात.

झटके थांबल्यावर आलेख काही काळ जवळजवळ सपाट होतो, मग संथ, रुंद लाटा येतात. माणूस गोंधळलेला असतो, झोपाळतो. एखाद्याचा हात काही तास लुळा राहतो. ‘आता बरा झालास ना, ऊठ’ म्हणून त्याला उभं करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आणि फिटच्या आधी? 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूतली वीज नोंदवणारं यंत्र कवटीत बसवलेल्या 37 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. फिट नसतानाही त्यांच्या मेंदूत विजेच्या बारीक ठिणग्या उडत होत्या आणि या ठिणग्यांना अनेक दिवसांची भरती-ओहोटी होती. अनेकांत ती वीस ते तीस दिवसांची, पुरुषांतही, म्हणजे केवळ मासिक पाळीमुळे नव्हे. फिट बहुधा भरती चढत असताना यायच्या. ‘अमावस्येला येते’ म्हणणारे इथे खूश होतील, पण ही लय ज्याची त्याची वेगळी. आकाशातल्या चंद्राशी तिचा मेळ बसत नाही.

त्याआधी, 2013 मध्ये, मेलबर्नच्या संशोधकांनी 15 जणांच्या कवटीखाली इलेक्ट्रोड बसवल्याचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. रुग्णाजवळच्या छोट्या यंत्रावर तीन दिवे होते: धोका जास्त असेल तर लाल, मध्यम असेल तर पांढरा, कमी असेल तर निळा. सगळ्यांना त्याचा सारखा उपयोग झाला नाही. काहींच्या बाबतीत मात्र फिट येण्याआधी लाल दिवा लागायचा.